इमोजीनंतरचं वाक्य जातं कुठे? जपानी आयएमई आणि एका जुन्या डेटाबेसचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: "जपानी कीबोर्डवरून इमोजी टाकला की पुढचं सगळं उडतं."

तक्रार करणाऱ्या मॅडम पुण्याजवळच्या एका कारखान्यात जपानी भाषेच्या समन्वयक होत्या. जपानमधल्या ग्राहकाशी रोजचं लेखी बोलणं, ड्रॉइंगमधल्या शंका इकडून तिकडे पोचवणं आणि या सगळ्याची नोंद कंपनीच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमध्ये ठेवणं, हे त्यांचं काम. सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालणारं, बाहेरच्या व्हेंडरने काही वर्षांपूर्वी बांधून दिलेलं. मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस. ग्राहकाच्या लोकांनाही त्यात लॉगिन होतं, त्यामुळे नोंदवही आणि चॅट दोन्ही तेच. मी तेव्हा तिथल्या आयटी सपोर्टला होतो.

व्हेंडरचं उत्तर त्याच दिवशी आलं. इंग्रजी आणि मराठी वापरणाऱ्यांची काहीच तक्रार नाही, फक्त जपानीवाल्यांची आहे; म्हणजे दोष आयएमईत (जपानी टाइप करायला लागणाऱ्या कीबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये) आहे, दुसरी आयएमई टाकून बघा. वरवर पाहता बिनतोड. मॅडमनी दुसरी टाकून पाहिली. वाक्य तरीही उडालं.

ज्यांनी जपानी टायपिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इन्स्क्रिप्टवर मराठी टाइप करताना कळ दाबली की अक्षर थेट कागदावर उतरतं. जपानीत तसं नाही. आधी रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा, त्याचं काना या उच्चारानुसार लिहायच्या लिपीत रूपांतर होतं, मग स्पेस दाबली की त्या उच्चाराच्या कांजी (चिनी वळणाची चिन्हं) पर्यायांची यादी उघडते, त्यातून हवा तो निवडायचा आणि एंटर दाबून पक्का करायचा. एंटर दाबेपर्यंत तो मजकूर अधोरेखित दिसतो आणि तो अर्धवट शिजलेलाच असतो. इमोजीही याच यादीत येतात. 'सुशी' टाइप करा, कांजीच्या खाली 🍣 असतं. 'ओजिगी' म्हणजे वाकून केलेला नमस्कार. तो टाइप केला की 🙇 मिळतो. ग्राहकाकडचे इंजिनियर चॅटमध्ये उशिराबद्दल माफी मागून पुढे 🙇 लावत, म्हणून मॅडमही लावत. आपल्याकडे हात जोडलेला इमोजी लावतात तसाच तो सरावाचा भाग.

मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि नुसतं बघत राहिलो. थोड्याच वेळात लक्षात आलं की "अर्धं वाक्य गेलं" या एकाच तक्रारीत दोन वेगळे आजार आहेत.

पहिल्यात मॅडम 🙇 निवडून तो पक्का करायला एंटर दाबत आणि त्याच क्षणी संदेश सुटत असे. त्या पुढचं वाक्य टाइप करत, ते दुसरा संदेश म्हणून जात असे. गहाळ काहीच होत नव्हतं, फक्त तुकडे होत होते. दुसऱ्यात सगळा संदेश व्यवस्थित एकदम जाई, पडद्यावर पूर्ण दिसे. मॅडम म्हणत, "बघा, गेला." पान रिफ्रेश केलं की 🙇 आणि त्यानंतरचं सगळं गायब. पाठवताना पूर्ण दिसणारा मजकूर हा ब्राउझरने स्वतःकडचाच दाखवलेला असे. सर्व्हरकडून परत आलेला नव्हे. त्यामुळे पाठवणाऱ्याला कळायलाच मार्ग नव्हता. समोरचा "पुढे काय म्हणायचं होतं?" असं विचारी तेव्हा उलगडा होई.

पहिला आजार सोपा आणि तो खरोखर आयएमईच्या वाटेवरचा. "एंटर दाबला की पाठवा" असा कोड लिहिणाऱ्याने एंटरचा एकच अर्थ गृहीत धरला होता. ब्राउझर मात्र फरक सांगत असतो. रूपांतर चालू असताना कळेच्या घटनेवर 'इझकंपोझिंग' हा झेंडा लागलेला असतो आणि कीकोड २२९ येतो. झेंडा असेल तर पाठवू नका, एवढीच अट घालायची. सफारीत एक खोच आहे: तिथे पक्का करण्याचा एंटर हा रूपांतर संपल्यावर पोचतो, झेंडा तोवर उतरलेला असतो, पण २२९ तसाच राहतो. म्हणून दोन्ही तपासावं लागतं. चिनी, जपानी, कोरियन लिहिणाऱ्यांना हा दोष जगभरातल्या सॉफ्टवेअरमध्ये भेटतो आणि तो तयार करणारे बहुतेक वेळा असे लोक असतात ज्यांच्या भाषेत एंटर दोनदा दाबावा लागत नाही. आपणही त्यातलेच.

व्हेंडरने ही दुरुस्ती केली आणि तिकीट बंद केलं. दुसरा आजार जागच्या जागी.

हृदय चालतं, नमस्कार चालत नाही

आयएमईला बाजूला काढून पाहायचं होतं. इंग्रजी कीबोर्ड ठेवून विंडोजची इमोजीची खिडकी उघडली, तिथून 🙇 टाकला. वाक्य उडालं. मोबाइलवरून स्वतःलाच मेल केलेला मजकूर कॉपी करून चिकटवला. उडालं. आयएमई निर्दोष सुटली. मराठीवाल्यांची तक्रार नव्हती कारण उत्पादन विभागातलं कोणी नोंदीत इमोजी टाकतच नव्हतं, "मशिन नं. ४ बंद, बेल्ट तुटला" याला कोण इमोजी लावणार?

मग एक गोंधळात टाकणारी गोष्ट दिसली. लाल हृदय ❤ टाकलं तर सगळं नीट साठवलं गेलं. गरम पाण्याच्या झऱ्याचं जपानी चिन्ह ♨, तेही नीट. पण 🍣, 🙇, 😊 यातलं काहीही आलं की वाक्य तिथेच तुटे. म्हणजे "इमोजी चालत नाहीत" हे विधानच चुकीचं. काही चालतात, काही नाहीत, आणि पडद्यावर पाहून दोन्हींत फरक सांगता येत नाही.

फरक बाइटमध्ये आहे. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी, आणि यूटीएफ-८ ही ते क्रमांक साठवण्याची पद्धत. तीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३, जपानी काना आणि नेहमीच्या कांजींनाही ३. हृदय आणि गरम झरा ही युनिकोडमधली जुनी चिन्हं, इमोजी म्हणून ओळखली जाण्याच्या कितीतरी आधीची; ती पहिल्या ६५,५३६ जागांत बसतात आणि त्यांनाही ३ बाइट पुरतात. २०१० मध्ये युनिकोड ६.० आलं आणि जपानी मोबाइल कंपन्यांचे इमोजी त्यात दाखल झाले, तेव्हा बहुतेकांना त्या जागांच्या पलीकडचे क्रमांक मिळाले. तिथे ४ बाइट लागतात.

आणि मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' या नावाने जे मिळायचं ते ३ बाइटांवर थांबणारं होतं. मूळ कोड आणखी लांब क्रम घेण्याच्या दिशेने लिहिला जात होता, पण सप्टेंबर २००२ मध्ये एका बदलाने तो ३ वर आणला गेला आणि आवृत्ती ४.१ पासून तसाच बाहेर पडला. नाव मात्र यूटीएफ८ हेच राहिलं. खरं, पूर्ण यूटीएफ-८ तिथे 'यूटीएफ८एमबी४' या नावाने ५.५.३ आवृत्तीत आलं, २०१० साली. म्हणजे चौथ्या बाइटची सोय आणि इमोजींचा युनिकोड-प्रवेश एकाच वर्षातला. पण ज्यांनी टेबलं आधी बनवली, किंवा नंतरही सवयीने 'यूटीएफ८' लिहिलं, ते तीन माणसांच्या बाकावर बसून राहिले.

तरी एक प्रश्न उरतो: ४ बाइटचं अक्षर बसत नसेल तर डेटाबेसने नकार द्यावा, वाक्य गपचूप का तोडावं? स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीचा डेटा नाकारण्याची सेटिंग, चालू असेल तर तो नकारच देतो; १३६६ क्रमांकाची चूक येते, 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू'. ५.७ आवृत्तीपासून हा मोड मुळातच चालू असतो. आमच्या सर्व्हरवर ५.७ होतं, पण अपग्रेडच्या वेळी जुनं अ‍ॅप्लिकेशन जागोजागी चुका देऊ लागलं म्हणून कोणीतरी कॉन्फिग फाइलमध्ये तो बंद करून टाकला होता. मोड बंद असला की मायएसक्यूएल न बसणाऱ्या पहिल्या अक्षरापाशी मजकूर कापतो, उरलेला टाकून देतो आणि फक्त एक वॉर्निंग सोडतो. त्या वॉर्निंग्ज अ‍ॅप्लिकेशनने कधी वाचल्याच नव्हत्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा गुन्हा हाच. दोन दशकांपूर्वीचा तीन बाइटांचा निर्णय समजण्यासारखा आहे. आरडाओरडा करणारी घंटा काढून टाकणं नाही.

व्हेंडरकडच्या परीक्षणाच्या कागदावर "युनिकोड तपासणी: मराठी, जपानी – ठीक" असं लिहिलेलं होतं. खोटं नव्हतं. दोन्ही ३ बाइटांच्या लिपी. देवनागरीऐवजी कोणी मोडी टाइप करून पाहिली असती तर पहिल्याच अक्षराला बिंग फुटलं असतं, कारण २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आलेली मोडी त्या पलीकडच्या जागांत आहे, प्रत्येक अक्षर ४ बाइटांचं. पण कारखान्याच्या नोंदी मोडीत लिहायचा काळ गेला.

तात्पुरता उपाय आणि एक आडनाव

डेटाबेस बदलणं खर्चाचं, म्हणून व्हेंडरने मधला मार्ग काढला: मजकूर साठवण्याआधी ४ बाइटांची सगळी अक्षरं गाळायची. इमोजी जाईल, वाक्य राहील. चाचणीत कुटुंबाच्या इमोजीने अडचण केली. आई-वडील-मुलगी-मुलगा हे चित्र चार इमोजी आणि त्यांना जोडणारे तीन अदृश्य जोडक, असं मिळून बनतं. इमोजी गाळल्यावर ते तीन जोडक मागे उरत. मग गाळणीत तेही घातले.

मराठी लिहिणाऱ्यांची पहिली तक्रार त्यानंतर आली. हाच अदृश्य जोडक मराठीतही राबत असतो. "दुसर्‍या पाळीत" यातला अर्धचंद्रासारखा र काही कीबोर्ड र, हलन्त आणि जोडक यांतून घडवतात. जोडक गाळला की उरतं "दुसर्या पाळीत". गंमत म्हणजे शेजारच्या टेबलवरच्या माणसाचं ठीक होतं, कारण त्याचा कीबोर्ड तोच र स्वतंत्र ऱ वापरून लिहीत होता. दोघेही आपापल्या जागी शपथेवर सांगत होते: एक म्हणे बिघडलंय, दुसरा म्हणे काही बिघडलेलं नाही. जोडक गाळणीतून काढला, विषय मिटला.

पण मॅडमचा पुढचा फोन वेगळाच होता. ग्राहकाकडे योशिदा आडनावाचे एक अधिकारी नव्याने आले होते आणि नोंदीत त्यांचं आडनाव नुसतं 'दा' असं उमटत होतं. मॅडमचा आवाज या वेळी इमोजीच्या तक्रारीसारखा नव्हता. "अहो, नमस्काराचं चित्र गेलं तर गेलं. ग्राहकाचं नाव अर्धं छापून मी त्यांना कसं पाठवू?"

जपानी न येणाऱ्यांसाठी: योशिदा आडनावातला 'योशी' सहसा जसा लिहितात त्यात वरच्या भागात योद्ध्याचं चिन्ह असतं, वरची आडवी रेघ लांब आणि खालची आखूड. काही घराण्यांत तोच वर मातीचं चिन्ह ठेवून लिहितात, म्हणजे वरची आखूड आणि खालची लांब. रेघेच्या लांबीचा फरक. पण नाव म्हटलं की तो फरक त्या माणसाचा. युनिकोडमध्ये ही दुसरी कांजी पहिल्या ६५,५३६ जागांबाहेर आहे. म्हणजे ४ बाइट. गाळणीच्या दृष्टीने ती आणि 🙇 एकाच जातीची.

मग जुन्या नोंदी चाळल्या. गाळणी येण्यापूर्वी असं आडनाव आलं की पहिल्याच अक्षरापाशी मजकूर कापला जाई आणि नावाची जागा पूर्ण रिकामी राही. तशा नोंदी होत्या. डेटा भरणाऱ्या मुलीने त्या कधीच ओळखल्या होत्या, ती म्हणाली, "हो, काही जपानी नावं सेव्ह होत नाहीत. मी ती इंग्रजीत टाकते." तिच्या लेखी तो सॉफ्टवेअरचा स्वभाव होता, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. इमोजी येण्याच्या आधीपासून आजार तिथे होता.

आणि ही काही एखाद्या घराण्याची हौस नव्हे. जपान सरकारने २०१० मध्ये सुधारलेल्या, रोजच्या वापरासाठीच्या २,१३६ कांजींच्या यादीत 'रागावणं' या क्रियेची कांजी ज्या रूपात दिली आहे, ते रूपही ४ बाइटांचं आहे. आयएमई तर बिचारी आधीपासून सांगत होती: अशा कांजीच्या शेजारी पर्यायांच्या यादीत ती बारीक अक्षरात शेरा मारते की हे अक्षर दिसेल की नाही हे यंत्रणेवर अवलंबून आहे. ज्या आयएमईवर खापर फुटलं, तिनेच एकटीने सावध केलं होतं.

मंजुरी

"इमोजीसाठी डेटाबेस बदलायचा?" असं म्हणून हा प्रस्ताव एकदा हसण्यावारी गेला होता. आता त्याच कागदावर इमोजीचा उल्लेख काढून "ग्राहकाची नावं चुकीची साठवली जातात" असं लिहिलं आणि तो पुढे सरकला. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या मंडळींनी २०१५ मध्ये नेमकं उलट केलं होतं. ४ बाइटांच्या अक्षरापाशी मजकूर कापला जातो याचा फायदा घेऊन प्रतिक्रियेतून घातक कोड घुसवता येत होता. मधेच कापलेला एचटीएमएल टॅग तपासणीतून सुटून जाई. त्यांनी ४.२ आवृत्तीत टेबलं यूटीएफ८एमबी४ वर नेली आणि जगाला सांगितलं की आता इमोजी चालतात. सुरक्षेची डागडुजी इमोजीच्या पदराआड होती, हे नंतर त्यांच्यातल्याच एकाने भाषणात उघड केलं. त्यांनी इमोजी पुढे केला, आम्ही आडनाव.

बदल करताना पहिला अडथळा इंडेक्सचा, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून डेटाबेस ठेवतो त्या सूचीचा. जुन्या कॉम्पॅक्ट पद्धतीच्या टेबलांत एका कॉलमच्या इंडेक्सला ७६७ बाइटांची मर्यादा. २५५ अक्षरांचा कॉलम गुणिले ३ म्हणजे ७६५, काठोकाठ बसतो. गुणिले ४ म्हणजे १,०२०, बसत नाही. इंटरनेटवर ठिकठिकाणी दिसणारा १९१ हा विचित्र आकडा यातूनच आलेला आहे, कारण १९१ चोक ७६४. कॉलम आखूड करण्याऐवजी टेबलं डायनॅमिक पद्धतीवर नेली. तिथे मर्यादा ३,०७२ आहे.

टेबलं बदलली तरी पुरत नाही. अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यामधली जोडणीही यूटीएफ८एमबी४ लागते. नोंदवहीची जोडणी बदलली, पण महिन्याचे अहवाल काढणारं साधन जुन्याच जोडणीवर राहिलं आणि त्यात इमोजीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली. डेटा पुन्हा बिघडला म्हणून धावपळ झाली. डेटा शाबूत होता, वाचणाऱ्याचा चष्मा जुना होता.

लाल म्हणजे हिरवा

आता सगळं साठवलं जात होतं, म्हणून मॅडमच्या विभागाने इमोजी कामाला लावले. प्रलंबित शंकेला 🔴 आणि मिटलेल्या शंकेला 🟢 असा शिक्का. दुसऱ्या दिवशी तक्रार: 🔴 शोधलं की 🟢 पण येतात. आणि शिक्क्यांच्या यादीत 🔴 घातल्यावर 🟢 घालू गेलं की "हा शिक्का आधीच आहे" असं सॉफ्टवेअर म्हणतं.

जपानी प्रोग्रॅमरांनी या दोषाला 'सुशी-बिअर प्रश्न' असं नाव ठेवलेलं आहे. साठवणं एक आणि तुलना करणं दुसरं. दोन अक्षरं समान की वेगळी हे कोलेशन ठरवतं, आणि आम्ही निवडलेलं 'जनरल सीआय' कोलेशन ४ बाइटांच्या सगळ्या अक्षरांना एकच वजन देतं. त्याच्या तराजूत सुशी बरोबर बिअर, लाल बरोबर हिरवा. आमच्या योशीबाबतही तेच: तो आणि कुठलाही इमोजी तुलनेत सारखे.

पुढे सर्व्हर ८.० वर गेला. तिथे मूळ कोलेशन '०९०० एआय सीआय' आहे, त्यात सुशी आणि बिअर वेगळे होतात. पण ते उच्चारचिन्हांकडे आणि अक्षराच्या लहानमोठेपणाकडे दुर्लक्ष करतं. इंग्रजी, फ्रेंचसाठी ही सोय. जपानीत मात्र 'ह'वर बारीक वर्तुळ काढलं की 'प' होतो. ते वर्तुळ दुर्लक्षिलं की 'हाहा' आणि 'पापा' एक, म्हणजे आई आणि बाबा एक. छोटा 'यो' आणि मोठा 'यो' यांतला फरक पुसला की काना लिपीत लिहिलेलं रुग्णालय आणि ब्युटी पार्लर एकाच शोधात येतात. शेवटी जपानी मजकुराच्या कॉलमांना ८.० मध्ये मिळणारं जपानीचं खास कोलेशन लावलं, जे वर्तुळ, आकार आणि हिरागाना-काताकाना (काना लिपीची दोन रूपं) हे सगळे भेद पाळतं. शिक्क्यांच्या कॉलमला सरळ बाइनरी, कारण तिथे सारखं म्हणजे तंतोतंत सारखं एवढंच हवं होतं.

एक फुटकळ दुखणं मध्येच सापडलं: यादीत प्रत्येक संदेशाचे पहिले काही वर्ण दाखवताना कधी शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येई. ब्राउझरमधली प्रोग्रॅमिंगची भाषा जावास्क्रिप्ट एका 🙇 ची लांबी २ मोजते, आणि कात्री नेमकी त्या दोहोंच्या मधून चालली की अर्धा इमोजी उरतो. कापण्याची रीत बदलली.

स्ट्रिक्ट मोड परत चालू केला. त्याने पहिल्याच आठवड्यात इतर टेबलांतल्या अशा चुका बाहेर काढल्या ज्यांचा इमोजीशी काही संबंध नव्हता: कॉलमपेक्षा लांब पत्ते, ३० फेब्रुवारीच्या तारखा.

जे वाक्य कापून साठवलं गेलं ते परत आलं नाही. डेटाबेसपर्यंत त्याचा पुढचा भाग पोचला पण टिकला नाही, त्यामुळे बॅकअपमध्येही तो नव्हता. ज्या संवादांच्या सूचना मेलने गेल्या होत्या, त्या मेलमध्ये मात्र पूर्ण मजकूर सापडला, कारण मेल अ‍ॅप्लिकेशनने डेटाबेसला न विचारता थेट पाठवली होती. त्यातून जेवढं भरता आलं तेवढं मॅडमनी भरलं. नावांच्या रिकाम्या जागा त्या आणि डेटा भरणारी मुलगी व्हिजिटिंग कार्डांचा डबा घेऊन बसून भरत होत्या, आणि प्रत्येक 'योशी'ला वरची रेघ लांब की आखूड हे कार्ड उजेडात धरून बघत होत्या.